गुडघे जपायचे, म्हणजे वापरायचे

१२ ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन. त्या निमित्ताने ‘संधिवात होऊच नये म्हणून रोजच्या जगण्यात काय करावं?’ या विषयावर प्रश्न मागवले होते. नाशिक शहरातून आणि निफाड, दिंडोरीकडून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गंगापूर रोडवरच्या माझ्या क्लिनिकमध्ये दुखणं वाढल्यावर येणारी माणसंच जास्त असतात, दुखायच्या आधी विचारणारी फार कमी. म्हणून ही पत्रं वाचून मनापासून बरं वाटलं.

प्रश्न : माझं वय ४६, उंची ५ फूट १ इंच, वजन ७२ किलो. आईचे दोन्ही गुडघे बदलले, आता मावशीचंही तेच चाललंय. मला अजून काहीच त्रास नाही, पण आधीपासून जपते. जिना बंद केला, लिफ्टनेच जाते. मांडी घालून बसणं सोडलं, पूजासुद्धा खुर्चीवर बसून करते. भाजी-किराणा घरपोच मागवते. आणखी काय करू?
– एक गृहिणी, कॉलेज रोड

ताई, काळजी रास्त आहे, पण तुम्ही जे जे बंद केलंय त्यातलं बरंचसं पुन्हा सुरू करायला हवं.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण होतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सुटते आणि स्पंजासारखा तो द्रव आत ओढते. माणूस चालेनासा झाला की हे दाबणं-सुटणं कमी होतं. त्याहून मोठं नुकसान मांडीच्या पुढच्या स्नायूंचं होतं. पावलागणिक बसणारा हादरा या स्नायूंनी झेलायचा असतो. ते वाळले की तो भार गुडघ्यावर जातो. पन्नाशीच्या कितीतरी बायकांच्या बाबतीत मी हे पाहते: एक्स-रेत फारसं काही नसतं, पण हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही. गुडघा जपण्यासाठी केलेल्या विश्रांतीनेच तो अधू झालेला असतो.

तुमची आजची ताकद घरच्या घरी तपासा. जेवणाच्या टेबलाची साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही. कडेवर बसा, पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा जमिनीला टेकलेल्या, दोन्ही हात छातीवर आडवे. आता ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वर्षांच्या बाईला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर पायांची ताकद कमी धरतात. तुम्ही शेहेचाळीसच्या आहात, तुम्हाला त्याहून जास्त जमायला हवं. नाहीच जमलं तर घाबरू नका, हाच व्यायाम करायचा आहे. उठताना गुडघे आत, एकमेकांकडे झुकू देऊ नका, ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू द्या. बसताना धपकन बसू नका, मनात तीन अंक मोजत सावकाश टेका. सावकाश बसतानाही स्नायूंना मेहनत होते, आणि नेमकी तीच बहुतेक जण चुकवतात. दहाचा एक फेरा, असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून तीन-चार दिवस. त्याच्या जोडीला ओट्यापाशी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चवडे टेकून टाचा वर-खाली करा. पोटऱ्यांसाठी तेवढं पुरे.

चालण्याचं माप सोपं आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक तुमच्या जवळ आहे, मातीवर चालायला मिळतं. तिथे जाणं नाही जमलं तरी भाजी आणायला पायी जा. जिना पुन्हा सुरू करा, आधी एक मजला, पंधरा दिवसांनी दुसरा. मांडी घालून बसायलाही हरकत नाही. दुखणं नसलेल्या गुडघ्याला पूजेपुरती मांडी घालून काही होत नाही, उलट तो पूर्ण वाकण्याची सवय टिकते. एकाच स्थितीत तासन् तास अडकून बसणं मात्र टाळा.

आता वजन. हे लिहिताना मी शब्द जपून वापरते, कारण बायकांना वजनावरून पुरेसं टाकून बोललं जातं. पण गुडघ्यासाठी तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. तुमच्या उंचीला ७२ किलो म्हणजे बॉडी मास इंडेक्स ३०. आपल्या भारतीय बांध्यासाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. शरीराचं एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. दिवसभरातली हजारो पावलं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे एक किलोही किती मोलाचा ते कळेल. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या बायकांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत ज्यांचं वजन सुमारे पाच किलोंनी उतरलं, त्यांच्यात गुडघेदुखीच्या संधिवाताचा धोका निम्म्याहून कमी झालेला दिसला. दहा वर्षांत पाच किलो! त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही. संध्याकाळचा चहा-फरसाण, उरलंसुरलं संपवायला खाल्लेली शेवटची पोळी, पातेलं रिकामं करण्यासाठी घेतलेला भात, एवढ्याकडे बघा. आणि ताटात रोज उसळ, डाळ, दही किंवा अंडं यांतलं काहीतरी दोन्ही वेळा येऊ द्या. स्नायू प्रथिनांवर वाढतात, आणि घरातल्या बाईच्या वाटीत डाळीचं पाणी नि तळाचं थोडं वरण एवढंच येतं. हे बदला.

आईचे गुडघे गेले म्हणून तुमचे जातीलच असं नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण वजन आणि मांडीची ताकद आईकडून ठरून येत नाही. मेडिकलमधल्या कूर्चा वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनी हा आजार टळतो याला भक्कम पुरावा नाही. तो पैसा चांगल्या बुटांवर घाला.

प्रश्न : आई ५२ वर्षांची आहे. पावसाळा संपला की रांगड्या कांद्याची आणि थंडीत उन्हाळ कांद्याची लागवड, मग मार्च-एप्रिलला काढणी आणि कापणी. दिवसभर उकिडवं बसून किंवा वाकून. संध्याकाळी गुडघे धरून बसते. व्यायामाचं नाव काढलं की म्हणते, ‘दिवसभर राबते, आणखी कसला व्यायाम?’ बाजारात एक जण दुखण्याच्या पुड्या देतो, त्या घेतल्या की लगेच आराम पडतो. काय करावं?
– एक विद्यार्थिनी, निफाड तालुका

आईचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. ती आळशी नाही, तिला ‘हालचाल करा’ असं सांगणं हा तिच्या कष्टाचा अपमान होईल. तिची अडचण वेगळी आहे. वरच्या ताईंचे पाय हलतच नाहीत आणि तुझ्या आईचे एकाच कोनात तासन् तास अडकतात. रोज दीर्घकाळ उकिडवं बसणं आणि त्यातच जड ओझी उचलणं, ही जोडी गुडघ्याच्या संधिवाताला आमंत्रण देते. शेतीकामासारखी कष्टाची कामं करणाऱ्यांच्या बाबतीत हे अनेक देशांत दिसून आलंय.

लागवड उक्ती घेतलेली असते, त्यामुळे ‘अधूनमधून विश्रांती घ्या’ हा सल्ला शेतात टिकत नाही. त्याऐवजी वाफा हेच घड्याळ धरा. एक वाफा संपला की उभं राहायचं, कमरेवर हात ठेवून पाठ मागे वाकवायची, बांधावर दहा-वीस पावलं टाकायची आणि मगच पुढच्या वाफ्यात उतरायचं. लागण करताना थोडा वेळ उकिडवं, थोडा वेळ एक गुडघा खाली टेकून, असं आलटून पालटून. टेकायच्या गुडघ्याखाली जुन्या गोणपाटाची चौपदरी घडी. कांदा कापताना तर उकिडवं बसायची काहीच गरज नाही. रिकामा क्रेट पालथा घालायचा, त्यावर पोतं टाकून बसायचं आणि पाय पुढे मोकळे सोडायचे. ढीग पायांपाशी खाली असेल तर वाकावं लागतं, म्हणून कापायचे कांदे दुसऱ्या क्रेटवर उंचावर घ्यायचे. पन्नास किलोची गोणी बायकांनी एकटीने उचलू नये. क्रेट भरून दोघींनी धरावा, आणि वळताना गुडघ्यातून पीळ न देता पावलं उचलून अख्खं अंग वळवावं. गुडघा भार झेलतो, पण भाराखाली दिलेला पीळ त्याला सोसत नाही.

व्यायाम तरीही हवा, पण थोडा. वाकून काम करताना माणूस बराचसा सांध्यांवर आणि त्यांना बांधणाऱ्या बंधांवर लटकून राहतो, मांडीचे स्नायू पुरेसे कामाला लागत नाहीत. खाटेच्या कडेवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, सकाळी चूल पेटायच्या आधी, एवढंच तिला सांग. तेवढं ती करेल.

पुड्यांबद्दल कळकळीने सांगते. नाव-घटक न लिहिलेल्या अशा औषधांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. म्हणून तर इतक्या लवकर आराम पडतो. महिनोन् महिने घेतलं तर रक्तातली साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. पण आई ती बरेच दिवस घेत असेल तर एका दिवसात झटक्याने बंदही करू नका, त्याचाही अंगाला धोका असतो. पुडी सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या किंवा गावातल्या एमबीबीएस डॉक्टरांकडे जा, साखर आणि बीपी तपासून घ्या आणि ती कशी सोडायची ते त्यांना विचारा.

प्रश्न : युरिक अ‍ॅसिड ७.४ आलं. सांधे दुखत नाहीत. घरच्यांनी डाळ, टोमॅटो, पालक, दही, सगळं आंबट बंद केलं आहे. संधिवात टाळायला हे गरजेचं आहे का? रविवारी मित्रांबरोबर दोन बिअर होतात.
– कारखान्यातील कर्मचारी, वय ४१, सातपूर

घरच्यांनी डाळ बंद केली आणि बिअर राहिली. हे बरोबर उलट करा.

रक्तातलं युरिक अ‍ॅसिड साधारण ६.८ च्या वर गेलं की त्याचे सुईसारखे खडे सांध्यात जमू शकतात. त्यातून होणारा संधिवात म्हणजे गाऊट. रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद होतो, पांघरूणाचा स्पर्शही सहन होत नाही. पण युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या सगळ्यांनाच तो होत नाही, आणि त्रास नसताना नुसत्या रिपोर्टवर बहुधा गोळ्याही लागत नाहीत. सवयी मात्र आजच बदलाव्यात. अमेरिकेतल्या ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २००४ साली आला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांमध्ये गाऊट वाढलेला दिसला. प्युरीन, म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं तो घटक, असलेल्या भाज्या खाणाऱ्यांमध्ये वाढला नाही, आणि दूध-दही घेणाऱ्यांमध्ये तर तो कमी होता. आंबटाचा सांध्यांशी जोडलेला संबंध आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, पण आमटीने, टोमॅटोने किंवा दह्याने गाऊट होत नाही. तुमची डाळ परत सुरू करा.

कमी करायचं ते असं: बिअर सगळ्यात आधी, मग इतर दारू, कलेजी-भेजा, सुकट-बोंबील, आणि बाटलीतली गोड पेयं. त्यांतल्या साखरेनेही युरिक अ‍ॅसिड चढतं, आणि हे फार जणांना माहीत नसतं. आपल्या नाशिकमध्ये हटकून विचारलं जातं, ‘मग वाईन चालेल ना?’ बिअरच्या मानाने तिचा त्रास कमी दिसतो, पण ज्याला एकदा गाऊटचा झटका आलाय त्याला वाईननेही पुन्हा येऊ शकतो. वजन उतरवा, पण कडक उपास करून नको. एकदम पोटाला मारलं की युरिक अ‍ॅसिड उलट वाढतं. बीपीच्या, लघवी जास्त करवणाऱ्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. तशी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने न थांबवता डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न : मी सारखी बोटं मोडते. आजी म्हणते, म्हातारपणी सांधे धरतील. खरं आहे का?
– बारावीची विद्यार्थिनी, नाशिक रोड

नाही. तो आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि शेवटी दोन्ही हातांत संधिवात नव्हता. या प्रयोगासाठी त्यांना २००९ साली इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक, मिळालं. एका माणसावरून सगळं सिद्ध होत नाही, पण इतर अभ्यासांतही बोटं मोडण्याचा आणि संधिवाताचा संबंध सापडलेला नाही. आवाजाबरोबर दुखत किंवा सुजत असेल तरच दाखव.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, कबड्डी खेळतो. दोन महिन्यांपूर्वी पकड सोडवताना गुडघ्यात ‘कट’ आवाज झाला, तासाभरात टम्म सुजला. मालिश आणि पट्टीने सूज गेली, आता नीट चालतो. जिल्ह्याच्या निवडीसाठी मैदानावर पाठवू का?
– एक पालक, पंचवटी

अजून नको. आवाज होऊन तासा-दोन तासांत गुडघा सुजणं, यात आतला बंध तुटल्याची दाट शक्यता असते. असा गुडघा सपाटीला व्यवस्थित चालतो, आणि खेळताना अचानक दिशा बदलली की निसटतो. प्रत्येक निसटण्यात आतल्या गादीला आणि कूर्चेला इजा होते. हा बंध तुटलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणांना पुढच्या दहा-वीस वर्षांत त्या गुडघ्यात संधिवात दिसू लागतो. म्हणजे पस्तिशीतच. तरुणपणीची गुडघ्याची इजा हे संधिवाताचं फार मोठं कारण आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

हाडांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, लागला तर एमआरआय करा. ऑपरेशन होवो वा न होवो, पुढचे काही महिने ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम चुकवून चालणार नाही. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आली, एका पायावर उडी मारून गुडघा आत न झुकता स्थिर उतरता आलं, की मैदान. निवड पुढच्या वर्षीही असते. आणि त्याच्या प्रशिक्षकांनाही भेटा: सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं उडी, उतरणं, वळणं यांचा पद्धतशीर वॉर्मअप सगळ्या संघाकडून करून घेतला तर अशा दुखापती बऱ्याच कमी होतात.

प्रश्न : वय ३४. तीन-साडेतीन महिने झाले, सकाळी दोन्ही हातांची बोटं आखडतात. कणीक मळता येत नाही, मुलीची वेणी घालता येत नाही. दीड-दोन तासांनी मोकळं होतं. अंगठी निघत नाही. सासूबाई म्हणतात, थंड पाण्यातलं काम कमी कर, तीळतेल लाव. व्यायाम आणि आहाराने हे थांबेल का?
– एक वाचक, सिडको

ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी संपादकांकडून निरोप पाठवला होता, तरीही इथे सविस्तर लिहिते, कारण अशा आणखी कितीतरी जणी असतील.

वयानुसार होणाऱ्या संधिवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासाहून जास्त टिकणारा, दोन्ही हातांत सारखाच, बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांत सूज असलेला, ही लक्षणं आमवाताची असू शकतात. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन-तीन पट जास्त होतो. थंड पाण्याने तो होत नाही आणि तेलाने थांबत नाही. तेल लावून बरं वाटत असेल तर जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आणखी एक शक्यता विचारात घ्यावी लागेल. पावसाळ्यात ताप येऊन गेला होता का? चिकुनगुनियानंतरही सांधे महिनोन् महिने असेच धरतात. २००६ च्या मोठ्या साथीत आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावने हे भोगलं आहे. चिकुनगुनिया पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. म्हणून आठवड्यातून एकदा कूलर, पिंप आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या करणं, हाही संधिवात टाळण्याचाच उपाय आहे.

आमवात टाळण्यासाठी सवयींचा उपयोग मर्यादित आहे. बिडी-सिगारेटने त्याचा धोका नक्की वाढतो, हिरड्यांच्या जुन्या आजाराशीही त्याचा संबंध दिसतो, म्हणून तंबाखू सोडणं आणि दात-हिरड्या सांभाळणं सगळ्यांनीच करावं. पण आजार सुरू झाल्यावर सांधे वाचतात ते वेळेवर मिळालेल्या औषधांनी. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर बोटं वाकडी होणं टाळता येतं. नंतर झालेली झीज परत भरून येत नाही. आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो, त्यामुळे त्या एका रिपोर्टवर निश्चिंत होऊ नका, सोबत अँटी-सीसीपीसारख्या तपासण्याही लागतात. रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे तज्ज्ञ, नाशिकमध्ये आहेत. त्यांनी मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध दिलं तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. आणि पुढे मूल हवं असेल तर तसं आधीच सांगा, त्यानुसार औषध बदलतात. बोटांचे व्यायाम मी जरूर शिकवीन, पण सूज ताब्यात आल्यावर.

या आठवड्यातच जा, आणि शक्य तर सकाळची वेळ घ्या. बोटं सुजलेली असतात तेव्हाच ती डॉक्टरांच्या हाताला नीट लागतात. अंगठी मात्र आजच साबणाचं पाणी लावून काढून ठेवा. सूज वाढली तर ती कापावी लागते.